उघड्या फ्रेमचा जनरेटर की इन्व्हर्टर जनरेटर: शेजारी डोळ्यांपुढे ठेवून

वीज गेल्यावर आपल्या घरात उजेड आणि शेजाऱ्याच्या कपाळावर आठ्या, हे ज्यांना टाळायचं आहे त्यांच्यापुढे साधारण दोन वाटा असतात. उघड्या लोखंडी फ्रेममधला नेहमीचा पेट्रोल जनरेटर घ्यायचा आणि जमेल तेवढा शांत करायचा. नाहीतर बंदिस्त खोळीतला इन्व्हर्टर जनरेटर घ्यायचा. मी दोन्ही वापरले आहेत. किती वॅट, किती लिटरची टाकी हे माहितीपत्रकात सापडतं, त्यात शिरत नाही.

माझं मत ज्या एका त्रासाने ठरलं, तो आधी सांगतो. रात्री घरात चालू असतं तरी काय? फ्रिज, एक-दोन पंखे, राउटर, एखादा दिवा. कॉम्प्रेसर बंद असला तर सगळं मिळून दोनशे वॅटच्या आसपास. आणि एवढ्यासाठी उघड्या फ्रेमचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी भडभडत असतं. त्याला पर्याय नसतो, कारण तिथे वीज थेट अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या वीज बनवणाऱ्या भागातून, घरात येते. ५० हर्ट्झ हवेत तर दोन पोलच्या अल्टरनेटरला ३००० आरपीएम धरूनच ठेवावे लागतात. जिथे ६० हर्ट्झ आहेत तिथे ३६००. लोड उतरला की फेरे कायम राखणारा गव्हर्नर थ्रॉटल आवळतो, सायलेन्सरचा जोर जरा ओसरतो, पण फेरे तेच, कूलिंग फॅनचा घोंघाट तोच, टॅपेटची टकटक तीच. घरातले दिवे एकेक करून मालवले तरी शेजाऱ्याच्या कानाला फारसा फरक नाही. गव्हर्नरचा स्क्रू पिळून फेरे कमी करावेत असा सल्ला देणारे भेटतात. त्याने फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही खाली येतात आणि फ्रिजची मोटर तापते. त्या वाटेला जाऊ नये.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनाच्या विजेचं आधी डीसी होतं आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिच्यापासून हव्या त्या हर्ट्झची वीज बनवतं. त्यामुळे इंजिनाचे फेरे आणि घरातली फ्रिक्वेन्सी यांची गाठ सुटते. इकोचं, म्हणजे लोडप्रमाणे फेरे कमी-जास्त करू देणारं, बटण दाबलं की इंजिन लगेच खालच्या सुरात उतरतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर लागला की दिवा क्षणभर मिणमिणतो, इंजिन वर चढतं, आणि कॉम्प्रेसर थांबला की पुन्हा खाली बसतं. मध्यरात्री खिडकीत उभं राहून ऐकलं तेव्हा मला हा फरक कागदावरच्या डेसिबलपेक्षा कितीतरी मोठा वाटला. अर्थात हा माझ्या कानांचा हिशोब. काहींना सतत एकसुरी आवाज चालतो, वर-खाली होणाऱ्या आवाजाने मात्र झोप मोडते. शेजारी तसा असेल तर इकोचं कौतुक त्याला कमीच वाटेल.

डेसिबलचे आकडे पाहताना एवढंच तपासा की ते किती अंतरावरून आणि किती लोडवर मोजलेत. कंपन्या बहुधा ७ मीटरवरचा आकडा देतात आणि तोही कित्येकदा पाव लोडचा असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, निम्मं झालं की तेवढेच वाढतात. आणि १० डेसिबलचा फरक म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट आवाज. तेव्हा ५८ आणि ६८ हे आकडे दिसतात तितके शेजारी शेजारी नाहीत.

आता उघड्या फ्रेमला शांत करण्याच्या उद्योगांबद्दल. गाडीचा जुना सायलेन्सर वेल्ड करून लावणं हा सगळ्यांचा आवडता प्रयोग. मीही केला, आणि एक्झॉस्टचा फटफटाट खरोखर कमी झाला. पण तो कमी झाल्यावर इतका वेळ त्याच्याखाली दबलेले आवाज वर आले: एअर फिल्टरच्या तोंडाचा घुरघुराट, फॅन, आणि पत्र्याच्या टाकीची थरथर. शिवाय एवढं वजन एक्झॉस्टच्या स्टडवर लोंबकळत राहिलं तर स्टड ढिला होतो किंवा तुटतो, म्हणून सायलेन्सरला वेगळा आधार आणि मध्ये लवचीक पाइप लागतो.

मग येते पेटी. प्लायवूड, आत आवाज शोषणारं रॉकवूल, झाकण. आवाज बराच दबतो, यात शंका नाही. पण इंजिन हवेने थंड होणारं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा उष्णता होऊनच बाहेर पडतो, आणि ती उष्णता बाहेर काढायला जेवढी भोकं ठेवाल तेवढा आवाजही त्यातून निघतो. वाकड्यातिकड्या मार्गाने हवा खेळवणारी पेटी करता येते, फॅन लावता येतो, पण तोवर आपण जनरेटर वापरणारे न राहता पेटी बनवणारे झालेलो असतो. शिवाय गरम सायलेन्सरजवळ लाकूड. मला ते पटलं नाही. हाताला सुतारकामाची सवय असलेल्याला कदाचित पटेल.

एका बाबतीत दोन्ही यंत्रं सारखीच: खालचा सूर. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला २५ वेळा फायर करतं. हा जाडा आवाज झाडाझुडपांना आणि पातळ कुंपणाला जुमानत नाही, भिंतीतून पलीकडे जातो. स्लॅबवर किंवा गच्चीवर यंत्र ठेवलं तर कंपनं थेट इमारतीतून उतरतात. जाड रबराचे पाय किंवा मॅट दोघांनाही हवी. जमेल तर जमिनीवरच ठेवा. दोन भिंतींच्या कोपऱ्यात लपवायचा मोह होतो, पण कोपरा आवाज उलट मोठा करून समोर फेकतो.

धुराचंही तेच. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. यंत्र कुठलंही असो, घरापासून निदान ६ मीटर दूर, आणि एक्झॉस्टचं तोंड दारं-खिडक्यांपासून उलट्या दिशेला. शेजाऱ्याच्या खिडक्याही यात धरा. इथे इन्व्हर्टर जनरेटरचा एक धोका आहे: तो शांत आणि हलका, म्हणून माणूस त्याला सहज व्हरांड्यात आणून ठेवतो. ते चालणार नाही.

उघड्या फ्रेमच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पाण्याची मोटर ओढायची असेल तर तोच बरा. मोटर सुरू होताना चालू लोडच्या कितीतरी पट करंट मागते. छोटा इन्व्हर्टर जनरेटर तिथे ओव्हरलोडचा लाल दिवा दाखवून हात वर करतो. निदान इको बंद करूनच मोटर लावावी लागते, आणि इको बंद म्हटल्यावर शांतताही गेलीच. बिघाडाचंही तसंच. उघडं इंजिन कुठलाही मेकॅनिक पाना घेऊन खोलतो. इन्व्हर्टरचा बोर्ड जळला तर तो दुरुस्त करणारा सहज मिळत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागतो आणि तो स्वस्त नसतो. कार्बोरेटर मात्र दोघांचाही सारखाच चिकटतो. ठेवून देताना पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून बंद करावं.

तरीही माझ्यासारखी गरज असेल, म्हणजे रात्रीचा हलका लोड आणि भिंतीला भिंत लागून घर, तर मी इन्व्हर्टर जनरेटरकडेच बोट दाखवीन. मोटर दिवसा, वीज असेल तेव्हा चालवून टाकी भरून ठेवता येते. आणि यंत्र रात्रभर चालवायलाच हवं असंही नाही. दार न उघडता ठेवलेला फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो, भरलेला फ्रीझर त्याहून खूप जास्त. संध्याकाळी फ्रिज चांगला गार करून घ्यायचा, मोबाइल आणि चार्जिंगचे दिवे भरून घ्यायचे, शेजारी आडवे व्हायच्या वेळी यंत्र बंद. पंख्यापुरती एखादी बॅटरी असली तर मधली रात्र निघून जाते. उघड्या फ्रेमचा जनरेटर ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी नवा घेण्याआधी हे वेळापत्रक करून पाहावं. कदाचित तेवढ्यावरही भागेल.

घ्यायचं ठरलंच तर विकणाऱ्याला रिकामं यंत्र नुसतं सुरू करून दाखवू देऊ नका. रिकामं कुठलंही यंत्र गरीब वाटतं. त्यावर फ्रिजएवढा लोड टाकायला सांगा, इको चालू ठेवा, आणि तुमच्या जागेपासून शेजाऱ्याची खिडकी जेवढ्या पावलांवर आहे तेवढी पावलं मागे जाऊन ऐका.