सरकारी चिमणीचा धूर: मंडळ की लवाद?

वडोदऱ्यातल्या आमच्या गच्चीवर सकाळी घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांवर दुपारपर्यंत काजळीचे ठिपके. धूर शेजारच्या सरकारी बॉयलरचा. दाद कुठे मागायची?

एक वाट प्रदूषण नियंत्रण मंडळाची. १९८१च्या वायू प्रदूषण कायद्याखाली मंडळ थेट आदेश देऊ शकतं, वीज-पाणीही तोडायला लावू शकतं. २०२४पासून बहुतेक उल्लंघनांना तुरुंगाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे. प्रकरण त्यामुळे लवकर मिटू शकतं. पण नुसता दंड भरल्याने चिमणीतला धूर थांबत नाही. मला हेच खुपतं.

दुसरी वाट राष्ट्रीय हरित लवादाची, म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांसाठीच्या खास न्यायपीठाची. गुजरातसाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १००० रुपये. अर्जाची मुदत सांभाळा, साधारण ६ महिने. तारखा पडतात, दम लागतो. पण लवाद पाहणीसाठी समिती नेमू शकतो, सुधारणेची मुदत बांधून अहवाल मागवू शकतो.

मी आधी मंडळाकडे लेखी तक्रार देईन, तारीख असलेले फोटो जोडून, पोच घेऊन. दोन महिन्यांत हललं नाही, तर तीच पोच घेऊन लवादाकडे.