नाकातली नळी की पोटावरची?

बाबांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली आणि रेडिएशनचे 35 शेक ठरले. आठवड्याला पाच, म्हणजे सात आठवडे. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोललं, पाण्याचा घोट उतरेना. तेव्हा डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले: नाकातून जठरापर्यंत जाणारी अन्नाची नळी, म्हणजे राईल्स ट्यूब, नाहीतर दुर्बिणीच्या मदतीने पोटाला भोक पाडून थेट जठरात बसवलेली नळी, म्हणजे पेग.

आम्ही आधी नाकातली घेतली. खाटेवर बसल्या बसल्या टाकतात, चिरफाड नाही, खर्च कमी. तीन-चार आठवड्यांचाच प्रश्न असेल तर मीही तीच म्हणेन.

पण मे महिना होता. नागपूरचा मे, त्यात कूलरची ओलसर हवा. नळी धरून ठेवणारी नाकावरची चिकटपट्टी दुपारपर्यंत घामाने कडा सोडायची. मी कापसाने नाक पुसायचो, नवी पट्टी कापायचो, नळीवरची पेनाची खूण नाकपुडीशीच आहे ना ते बघायचो. खूण बाहेर आली की नळी सरकली. तशात आंबील सोडलं तर ते फुप्फुसात जायची भीती. बारा दिवसांत नळी तीनदा निघाली, दोनदा झोपेत. दर वेळी ऑटो, रांग आणि त्याच सोललेल्या घशातून पुन्हा नळी. तिसऱ्यांदा बाबांनी नर्सचा हात धरून ठेवला, सोडेचनात. त्याच आठवड्यात पेग केली.

तिचीही दुर्बीण तोंडातूनच जाते, पण एकदाच. शेक सुरू व्हायच्या आधी केली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पहिले दोन-तीन दिवस पोट दुखलं. भोकाभोवतीची जागा रोज धुऊन कोरडी ठेवावी लागते. पहिल्या महिन्यात पेगची नळी निघाली तर घरी परत घालू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि अन्ननलिकेचा कॅन्सर असून ऑपरेशन व्हायचं असेल तर आधी सर्जनला विचाराच. जठर वर ओढून नवी अन्ननलिका करतात, त्याला भोक पाडलेलं बऱ्याच सर्जनना नको असतं. आणखी एक, पेगमुळे गिळायची सवय सुटू शकते. डॉक्टरांना विचारून आम्ही बाबांना रोज चमचा-चमचा पाणी गिळायला लावत होतो.

प्रत्येकाचा आजार वेगळा, तुमचे डॉक्टर सांगतील ते खरं. आमच्याकडे मात्र पेगनंतर रात्री उठून पट्टी बघणं थांबलं. जूनमध्ये बाबा शर्टाची बटणं लावून संध्याकाळी ओट्यावर बसू लागले. शेजारचे काका त्यांच्याशी तब्येतीचं सोडून पावसाचं बोलत होते.