बॉम्बे हायचं सांडपाणी: तपासायचं काय, पाणी, मासा की काकई?

मच्छीमार संस्था असो की कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग, बॉम्बे हायच्या सांडपाण्याचा समुद्रावर होणारा परिणाम तपासायला निधी मंजूर झाला की पहिला वाद यावरच होतो. माझं मत आधीच सांगतो: पिंजऱ्यात घालून समुद्रात ठेवलेली काकई, म्हणजे हिरवे शिंपले. कागदावर मात्र पाण्याची तपासणी नेहमी स्वस्त दिसते.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात असलेल्या या तेलक्षेत्रातून १९७६ पासून तेल निघतंय. विहीर जुनी होत जाते तसं तेलाबरोबर वर येणारं पाणी वाढतं. ते वेगळं करून, प्रक्रिया करून समुद्रात सोडतात. त्यात तेल लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत असावं, असा आपला निकष आहे. युरोपातल्या ऑस्पार या सागरी प्रदूषणाच्या करारात महिन्याची सरासरी ३० धरतात. पण हे आकडे मुख्यतः पाण्यात विखुरलेल्या तेलाचे. विरघळलेले फेनॉल, पीएएच गटातली (अनेक कड्यांची, विषारी) हायड्रोकार्बनं, गंजरोधक रसायनं यांचा हिशेब त्यात पुरता लागत नाही. शिवाय सोडलेलं पाणी काहीशे मीटरांत शेकडो पट पातळ होतं. बाटली भरताना प्रवाह दुसरीकडे वळलेला असला की अहवाल स्वच्छ!

कोळीवाड्यात विचारलं तर उत्तर येतं, ‘मासा तपासा.’ रास्त आहे, पोट त्याच्यावर आहे. पण माशाचं यकृत पीएएच लवकर मोडून टाकतं, म्हणून मांसात फारसं काही सापडत नाही. खूण सापडते पित्तात. मासा ताजा असतानाच पित्ताशयात सुई घालून हिरवट थेंब ओढायचे आणि लगेच गोठवायचे. मासा नुकताच खाऊन बसला असेल तर पित्ताशय जवळपास रिकामं. ससून डॉकवर बर्फात आलेला पापलेट यासाठी कुचकामी, कारण तो नेमका कुठे धरला हे खात्रीने कोण सांगणार? नॉर्वेत कॉड मासा पिंजऱ्यात घालून तेल काढायच्या प्लॅटफॉर्मजवळ ठेवतात. आपल्या बोंबलाकडून ती अपेक्षाच नको, तो जाळं वर येईपर्यंत निम्मा मेलेला असतो.

काकई जागची हलत नाही. तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी गाळते आणि पीएएच मोडण्यात कच्ची असल्यामुळे आठवड्यांचा हिशेब अंगात साठवते. तिच्या रक्तपेशींना न्यूट्रल रेड हा रंग पाजून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. निरोगी पेशी तो लाल रंग पेशीतल्या बारीक पिशव्यांमध्ये बराच वेळ धरून ठेवते. ताण पडलेल्या पेशीतून तो लवकर गळतो. म्हणजे विष किती साठलं एवढंच नाही, जिवाला त्याचं काय झालं हेही कळतं. पाण्याची बाटली हे कधीच सांगणार नाही.

कटकटीही आहेत. प्लॅटफॉर्मभोवतीच्या ५०० मीटरच्या सुरक्षा पट्ट्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. पावसाळ्यात पिंजरे टिकत नाहीत, त्यामुळे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच उरकावं. त्या काळात किनाऱ्यालगतचा प्रवाह साधारण उत्तरेकडे असतो, पण तेवढ्यावर विसंबू नका: भरती-ओहोटी पाणी सगळीकडे फिरवते, म्हणून पिंजरे चारही बाजूंना हवेत. बोयाला ताजा रंग नको, नाहीतर रंगातलं विषच मोजत बसाल. मुंबईच्या खडकांवरची काकई उचलू नका. शहराचं सांडपाणी आणि बोटींचं डिझेल तिच्यात आधीच मुरलेलं असतं. रत्नागिरीकडची, पाळलेली असेल तर उत्तम.

समुद्रतळाचा गाळ आणि त्यातले किडे तपासण्याचाही आग्रह होईल. नवी विहीर खोदताना निघालेला चुरा आणि चिखल तळाला बसतो, त्यासाठी ते योग्य. या पाण्याचा प्रश्न मुख्यतः वरच्या थरांचा आहे, तेव्हा पहिल्या वर्षी गाळावर पैसे घालू नका.

पाण्याचे नमुने मात्र सोडू नका. पिंजरा टाकताना आणि काढताना, त्याच जागी घ्या. आणि काम प्रयोगशाळेला देताना करारात दोन गोष्टी लिहून घ्या: एक पिंजरा प्लॅटफॉर्मपासून खूप दूर, तुलनेसाठी, आणि पिंजरे टाकायच्या दिवशीच काही काकई बाजूला काढून गोठवलेली, म्हणजे सुरुवातीला अंगात किती होतं ते कळेल. या दोन्हींचे आकडे नसतील तर शेवटचा हप्ता देऊ नका.