मैलापाण्याच्या टाकीत जिवाणूंचे कल्चर : आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या वसाहतीचे मैलापाणी पंपाने पुढे ढकलण्याआधी ज्या भूमिगत टाकीत साठते, तिची देखरेख माझ्याकडे आहे आणि गेले आठ महिने आम्ही तिच्यात जिवाणूंचे कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेले जिवाणू, नायट्रेट या क्षारासह सोडत आहोत. टाकीला येणारा सडक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. पाइपच्या आतील बुळबुळीत थरात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथले सल्फेटवर जगणारे जिवाणू हा वायू तयार करतात. नायट्रेट मिळाले की ते वापरणाऱ्या जिवाणूंची सरशी होते आणि हा वायू कमी बनतो, तर कल्चरमधील बॅसिलस गटाचे जिवाणू तेलकट साय व गाळ पचवतात.

पहिले पाच आठवडे काहीच फरक पडला नाही, आणि त्यात दोष आमचाच होता. सकाळी ओघ जोरात असताना सोडलेला डोस थेट वाहून जाई. शिवाय स्वच्छतागृहांत ओतले जाणारे ब्लीच त्या जिवाणूंना जगूच देत नव्हते. ब्लीच आवरले, डोस रात्री ओघ मंदावल्यावर देऊ लागलो, आणि मग बदल दिसू लागला. पूर्वी बांबूने टोचूनही न फुटणारी साय आता ढवळताच विरते. दोराने हा वायू मोजणारा डिटेक्टर खाली सोडला की हातभर खोलीवरच 10 पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग वायू) गजर वाजत असे. आता बहुतेक दिवशी तो गप्प असतो. पंप बराच वेळ बंद राहिला, की मात्र अजूनही वाजतो.

पाण्याच्या पातळीवरचे काँक्रीट मात्र सुधारलेले नाही, आणि ते सुधारणारही नाही. ओल्या भिंतीवर वेगळेच जिवाणू याच वायूचे सल्फ्युरिक आम्ल करतात. थापीने खरवडले तर भिंतीचा पांढरा लगदा हाती येतो. त्यासाठी गवंडीच लागेल. हे कल्चर दहा वर्षांपूर्वी सुरू केले असते तर, असे मनापासून वाटते.

वास कमी झाला म्हणून टाकी सुरक्षित झाली, असे कोणी समजू नये. साधारण 100 पीपीएमला नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे सर्वांत घातक क्षणी वास येतच नाही. डोस आम्ही चालूच ठेवणार आहोत. पण गाळ आजही यंत्रानेच उपसला जातो, आणि या कल्चरच्या भरवशावर टाकीत माणूस उतरवण्यास मी आजवर परवानगी दिलेली नाही आणि देणारही नाही.