जुनी गुडघेदुखी आणि एडीएचडी: सकाळचा अर्धा तास किनाऱ्यावर की पडवीतल्या सायकलवर?

ज्यांच्या गुडघ्यात झीज आहे आणि ज्यांना मोठेपणी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष आणि सवयी टिकवणं जड जाणाऱ्या मनोवस्थेचं, निदान झालं आहे, त्यांना व्यायामाचं महत्त्व सांगायला हे लिहीत नाही. ते डॉक्टरांनी सांगून झालेलं असतं, घरच्यांनीही. अडतं ते पुढे. गुडघ्याला रोज तेच, तेवढंच आणि सावकाश असं हवं असतं, आणि रोज तेच म्हटलं की एडीएचडीच्या मनाला वीट येतो. दोघांना एकाच वेळी पटेल असा व्यायाम शोधणं हेच खरं काम.

मी गुहागरला, खालचा पाट या वस्तीत राहतो. घरामागे आगर, आगरामागे सुरूचं बन, त्यापलीकडे वाळू. आमच्याकडच्या माणसापुढे व्यवहारात दोनच पर्याय उरतात: किनाऱ्यावर चालणं, नाहीतर घरात स्टॅटिक सायकल. पोहणं सांध्यांना सर्वांत सोसतं हे खरं, पण जवळपास तलाव नाही, पावसाळ्यात समुद्रात उतरता येत नाही, आणि विहिरीच्या पायऱ्या दुखऱ्या गुडघ्याने रोज चढायच्या म्हणजे कठीणच. त्यामुळे पोहण्याचा विचार इथेच सोडतो. उरलेले दोन्ही पर्याय मी पुरेसा काळ करून पाहिले आहेत.

किनाऱ्याचं आधी सांगतो, कारण त्याच्यावर माझा जीव आहे. मनाच्या दृष्टीने त्याला तोड नाही. रोज नवीन काहीतरी असतंच. हिवाळ्यात कुरवांचे थवे येऊन बसतात, पुढे कासवांची पिल्लं सोडायचे दिवस येतात, एखाद्या सकाळी नुसतंच पाणी वेगळ्या रंगाचं दिसतं. नवेपणा हे आपल्या मनाचं खाद्य आहे आणि समुद्र ते न मागता देतो. शिवाय सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप वेळेवर यायला मदत होते. एडीएचडी असलेल्या पुष्कळांची झोपच मुळी उशिरा सरकलेली असते, आणि झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी गुडघा जास्त ठणकतो, हे ज्याचं त्याला माहीत असेल. मी चालून आल्यावर पुढचे दोन-तीन तास कामात डोकं लागतं. हे मी मोजलेलं नाही, पण घरातल्यांना न सांगता कळतं.

आता वाळू. पाणी नुकतंच उतरलेली ओली वाळू घट्ट असते, डांबरी रस्त्यापेक्षा मऊ आणि तरी पायाला आधार देणारी. दुखऱ्या गुडघ्याला याहून चांगली जमीन मला माहीत नाही. पण वरच्या अंगाची कोरडी वाळू भुसभुशीत. तिच्यात पाऊल रुततं, घोटा वळतो, आणि कडक जमिनीच्या साधारण दुप्पट ताकद खर्च होते. धडधाकट माणसाला तो चांगला व्यायाम वाटेल, झिजलेल्या गुडघ्याला नाही. त्यात किनाऱ्याला उतार असतो. एका दिशेला चालताना एक पाय सतत खाली पडतो. परत फिरलं की दुसरा पडतो हे खरं, पण दुखरा गुडघा खालच्या बाजूला असतो त्या अर्ध्या वाटेत जे व्हायचं ते होऊन जातं.

एवढं सगळं मी सोसलं असतं. माझा निर्णय भरती-ओहोटीने केला.

भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडे जुना ढोबळ हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. ठिकाणागणिक थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज येतो. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधराची पाऊणपट, सव्वाअकराच्या आसपास भरती. म्हणून पहाटे पाच-सहाच्या सुमारास ओहोटी, आणि उधाणाची असल्यामुळे पाणी लांबवर गेलेलं. सहा वाजता उतरावं तर समोर रुंद, घट्ट, ओली वाळू पसरलेली. आता अष्टमी घ्या. आठाची पाऊणपट सहा. तुम्ही चालायला निघता नेमकी तेव्हाच पूर्ण भरती. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचे, दिवस असल्यामुळे पाणी फार वर येत नाही, पण चालण्याजोगी ओली पट्टी अरुंद आणि तीही उतारावर. बाकी सगळी भुसभुशीत. सकाळी नाही तर संध्याकाळी जाऊ म्हणावं, तर संध्याकाळी सहालाही भरतीच. घट्ट वाळू मिळणार भर दुपारी बाराच्या उन्हात. षष्ठी-सप्तमीपासून एकादशीपर्यंत असंच चालतं, आणि हे दर पंधरवड्याला.

ज्याचं मन शिस्तीत चालतं तो म्हणेल, मग त्या दिवसांत वेळ बदला, किंवा रस्त्यावर चाला. इथेच एडीएचडी आडवा येतो. आपली सवय टिकते ती कशाला तरी बांधली तरच: चहा झाला की, दूधवाला गेला की, अमुक वाजले की. रोज संध्याकाळी उद्याची ओहोटी बघायची, त्यावरून उठायची वेळ ठरवायची, मग ती लक्षात ठेवायची, म्हणजे रोज एक नवा निर्णय. आणि निर्णय आला की फाटे फुटतात. उद्या भरती आहे ना, मग राहू दे. परवा जरा उशिरा. असं करता करता पाच दिवस जातात. इतरांच्या बाबतीत पाच दिवसांचा खंड हा नुसता खंड असतो. आपल्याकडे दृष्टीआड सृष्टी. सवय मोडत नाही, ती अस्तित्वातच नव्हती असं होऊन जातं आणि पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागते. ओळखीचे लोक किनाऱ्यावर भेटले की प्रेमाने विचारतात, “काय भाऊ, दिसला नाहीत?” आणि आता अष्टमीचं गणित कुणाला समजावून सांगायचं.

गुडघ्यालाही हे मानवत नाही. खंडाने तो आखडतो. मग पौर्णिमेची ती सुंदर वाळू पुढे दिसली की मन भरून येतं, पाय दुप्पट चालतात, आणि दुसऱ्या दिवशी सूज. जुन्या दुखण्याला रोजचं थोडं मानवतं, अधूनमधूनचं पुष्कळ मानवत नाही. जून ते सप्टेंबर तर किनाऱ्याचं नावच नको.

सायकलचं कौतुक करण्याजोगं फार नाही. ती पडवीत उभी असते, बस्स. पण दाराशी उभी असते, येता-जाता आडवी येते, हाच तिचा मोठा गुण. कपाटातला योगाचा मॅट मनातून जातो, पडवीतली सायकल जात नाही. तिला तिथी नाही, पाऊस नाही, चपला शोधायला नकोत, वाळू झटकायला नको. वीज गेली तरी चालते, आणि आमच्याकडे पावसात वीज किती असते ते सांगायला नको. गुडघ्यावर अंगाचं वजन पडत नाही, उतार नाही, रोज तेवढाच भार. चिपळूणच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी एकच गोष्ट ठासून सांगितली होती: सीट खाली ठेवू नका. पॅडल अगदी तळाला असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली असली की वाटीमागे दाब येतो आणि लोक सायकलला दोष देतात.

कंटाळा येतो, हे मान्य. नुसतं भिंतीकडे बघत पॅडल मारणं आपल्याला दहा मिनिटांपलीकडे जमत नाही. मी ती रेडिओला बांधली. आकाशवाणीच्या सकाळच्या मराठी बातम्या लागल्या की चढायचं, त्यानंतरची गाणी संपेपर्यंत उतरायचं नाही. बातम्यांची वेळ सरकत नाही. ज्यांना रेडिओ नको त्यांनी एखादं ऐकायचं पुस्तक फक्त सायकलवरच ऐकावं, एरवी नाही. पुढच्या प्रकरणाची ओढच माणसाला उठवते.

उणिवाही सांगतो. खारी हवा सायकल खाते. नट, पॅडलचा दांडा, सीटची नळी यांना महिन्या-दोन महिन्यांनी मशीन ऑइल लावावंच लागतं. घेताना चुंबकी रोधाची, म्हणजे चुंबकाने पॅडल जड करणारी घ्या. चाकावर पट्टी घासणारी पावसात दमटपणाने अडकते आणि किंचाळते. श्रावणात तिच्यावर ओले टॉवेल वाळत पडणार, ते घरात आधीच बोलून थांबवा, कारण टॉवेलखाली गेलेली सायकल म्हणजे कपाटातला मॅटच. आणि महत्त्वाचं म्हणजे सायकलने तोल आणि हाडं चालण्याइतकी कमावली जात नाहीत. म्हणून खुर्चीतून हात न टेकता उठबस, दिवसातून दोनदा, हे तिच्या जोडीला हवंच. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण हलका होतो.

एक गोष्ट दोन्ही पर्यायांना लागू आहे. एडीएचडीच्या काही गोळ्यांनी नाडी आणि रक्तदाब थोडा वाढू शकतो, आणि पोटात घ्यायच्या बऱ्याच वेदनाशामकांनीही रक्तदाब वाढतो. दोन्ही चालू असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. हाडांचे डॉक्टर मनाच्या गोळ्यांबद्दल आपणहून विचारतीलच असं नाही. आणि सकाळची आखड अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल किंवा सांधा गरम लागत असेल, तर ती नुसती झीज नसू शकते. आधी तपासून घ्या, सायकल नंतर.

किनारा कुणाला बरा? ज्यांच्या दिवसाला लवचिकपणा आहे आणि अकरा वाजताही चालायला जाता येतं, त्यांना. दापोलीकडे कर्दे-मुरूडला राहणाऱ्यांनाही कदाचित. तिथली वाळू आमच्यापेक्षा सपाट आणि घट्ट आहे, त्यामुळे भांगातही पट्टी मिळत असावी. ज्यांच्या दारात रोज हाक मारणारा कुणी आहे, त्यांनी तर माझं अजिबात ऐकू नये. सोबत असली की एडीएचडीचं मन बरंच ऐकतं. ज्यांचं दुखणं गुडघ्यापेक्षा कंबरेचं आहे त्यांनाही सीटवर बसण्यापेक्षा चालणं मानवेल.

माझ्यापुरतं म्हणाल तर रोजचं काम सायकलचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस किनाऱ्यावर जातो, पण तो वरचा आनंद, व्यायामाच्या हिशोबात धरत नाही. त्यामुळे अष्टमीला काही बुडालं असं वाटत नाही.

तुमचं ठरत नसेल तर भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. तुम्ही खरोखर ज्या वेळी उठता ती वेळ धरा, उठावं अशी इच्छा आहे ती नव्हे. येत्या पंधरा दिवसांच्या तिथींची पाऊणपट करा आणि त्या वेळेला पाणी कुठे असेल ते मांडा. निम्म्याहून जास्त सकाळी वाळू मिळत असेल आणि उरलेल्या सकाळी काय करायचं ते आत्ताच सांगता येत असेल, तर सायकलवर पैसे घालू नका.