जुने डेस्कटॉप स्पीकर लॅपटॉपला: पावसाळाभर वापरल्यानंतर

नवा ब्लूटूथ स्पीकर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी हल्ली एकच सांगते, आधी माळ्यावरचे जुने कॉम्प्युटर स्पीकर खाली काढून बघा. आमचा २.१ चा संच आहे, एक वूफर आणि दोन छोटे स्पीकर. डेस्कटॉप भंगारात गेला, हा मागे राहिला. मे महिन्यात लॅपटॉपला जोडला, आता दिवाळीही होऊन गेली, आणि सकाळ-संध्याकाळ चालूच असतो. आम्ही ऐरोलीत खाडीच्या अंगाला राहतो. तिथल्या दमट हवेत तो पावसाळाभर टिकला, म्हणून जरा विश्वासाने लिहिते आहे.

आवाजाबद्दल आधी सांगते, कारण खटाटोप त्यासाठीच होता. लॅपटॉपचे स्पीकर बोलणं स्वच्छ ऐकवतात, पण खालचे सूर त्यांच्या आवाक्यातच नसतात. स्पीकरच्या आतला एवढासा पडदा हवा ढकलणार तरी किती? आमचे सासरे रोज सकाळी भीमसेन जोशींचे अभंग लावतात. लॅपटॉपवर तबला म्हणजे नुसती चाटेवरची, म्हणजे तबल्याच्या कडेवरची, टकटक ऐकू यायची. वूफर जोडला त्या दिवशी ते आतून ओरडले, "अगं, डग्गा आला बघ!" तंबोऱ्याचा खर्जसुद्धा आता भरून येतो.

जोडायला काही अवघड नाही. हिरवी पिन हेडफोनच्या जॅकमध्ये घालायची. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या 'पीसी ९९' नियमावलीत जॅकचे रंग ठरले, त्यात स्पीकरला हिरवा आला आणि माइकला गुलाबी. लॅपटॉपला बहुधा माइक-हेडफोनचा मिळून एकच जॅक असतो. आपल्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, मोबाइलच्या इअरफोनच्या पिनेवर तीन. तरी ही पिन तिथे व्यवस्थित चालते. काय जोडलंय असं लॅपटॉपने विचारलं तर हेडफोन किंवा स्पीकर निवडा, हेडसेट नको. हेडसेट म्हटलं की तो माइकही त्याच पिनेत शोधू लागतो आणि मीटिंगमध्ये तुमचा आवाज कुणाला जात नाही. जॅकच नसेल तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मिळतं, त्याने काम होतं. लॅपटॉपचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने करा. उलट केलंत तर बारीक आवाजासोबत स्पीकरची सूंसूंही मोठी होते.

आता घूंऽऽ असा जो आवाज येतो, त्याच्याबद्दल. बहुतेक लोक इथेच स्पीकर खराब झाले समजून टाकून देतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी दोन गोष्टी तपासा. स्पीकरचा आवाज शून्यावर आणा, पिन लॅपटॉपमधून काढा. तरी घूं येत असेल तर दोष आतला. वीज ५० हर्ट्झची, ती आत डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, होताना १०० हर्ट्झची लहर उरते, आणि ती गिळायचं काम मोठ्या कंडेन्सरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीसारख्या भागाचं. वर्षानुवर्षं पडून तो सुकतो. आमच्या वूफरमधल्याचं डोकं फुगलेलं स्पष्ट दिसत होतं. ठाण्याला नौपाड्यात एका दुरुस्तीवाल्या काकांनी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा), जरा जास्त व्होल्टचा कंडेन्सर बसवून दिला आणि घूं गेली. हे घरी करायचं असेल तर सोल्डरिंगचा हात हवा आणि अधिक-उणे बाजू चुकता कामा नये.

दुसरी घूं वेगळी. ती फक्त चार्जर लावला की येते, चार्जर काढला की त्याच क्षणी थांबते. अशा वेळी लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट हलकेच फिरवून बघा, बारीक झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग मिळत नाहीये. चार्जरमधून पाझरणारा थोडासा प्रवाह जमिनीत जायच्या ऐवजी स्पीकरच्या वायरने वाट काढतो. आमचा चार्जर एका स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डात होता, त्याला तीन भोकं होती पण अर्थची तार आत जोडलेलीच नव्हती. भिंतीतल्या नीट अर्थिंग असलेल्या प्लगमध्ये लावल्यावर घूं आणि झिणझिण्या दोन्ही गेल्या. स्पीकर आणि चार्जर दोघांनाही तीन पिना असतील तर दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. त्यानेही भागलं नाही तर वायरच्या मध्ये घालायला ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो दोघांमधला विजेचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे जाऊ देतो. काहीजण अर्थची पिनच तोडतात. घूं जाते खरी, पण घरात लहान मुलं आहेत हो, तसं अजिबात करू नका.

जुलैत एक मजेशीर प्रकार झाला. गाण्यात पेटी आणि टाळ ऐकू येत होते, गायक मात्र खोल विहिरीत गेल्यासारखा. पिनेच्या मुळाकडचा भाग काळपट पडला होता. तिथला संपर्क तुटला की डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढाच ऐकू येतो, आणि दोन्हीकडे सारखा असलेला गळा नाहीसा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पिन पुसली, गायक परत आला. पावसाळ्यात हे अधूनमधून करावं लागतं. आवाजाच्या बटणाची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने गेली, पण त्यासाठी स्पीकर उघडावा लागला.

छोटा स्पीकर लॅपटॉपच्या कडेला चिकटवून ठेवू नका. झाकण बंद झालंय का हे बरेच लॅपटॉप चुंबकावरून ओळखतात. स्पीकरच्या चुंबकाने ते फसतात आणि चालू कामात स्क्रीन काळी होते. वूफर जमिनीवर असेल तर खाली जाड रबर घाला. आमच्या खालच्या काकूंनी आपुलकीने सांगितलं म्हणून मी घातलं, आणि आवाजही जास्त घट्ट झाला.

ब्लूटूथ रिसीव्हरही लावून पाहिला. गाण्यांना ठीक, पण सिनेमात ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. मी वायरवरच परत आले.

काम झालं की आधी स्पीकर बंद करा, मग पिन काढा. नाहीतर वूफरमध्ये जोरात धप्प होतं. आणि बोर्डावरचं बटणही बंद करा, कारण आमच्या संचात पुढचं बटण बंद असलं तरी ट्रान्सफॉर्मर गरमच राहतो.