साडेचारशे रुपयांचं डिवॉट टूल, आठ महिने वापरून

गोल्फच्या सामानाबद्दल लिहायचं म्हटलं की सगळे ड्रायव्हर नाहीतर पटर अशा क्लबवर, म्हणजे गोल्फच्या काठ्यांवर लिहितात, मी खिशात मावणाऱ्या ह्या दोन काट्यांच्या टूलवर लिहितेय. बॅगेत 14 क्लब असले तरी जवळजवळ प्रत्येक होलवर हातात येतं ते हेच, आणि हे नसेल तर मला आता ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर जायचीसुद्धा लाज वाटते.

नाव जरा फसवं आहे. डिवॉट म्हणजे फेअरवेवर (ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) शॉट मारताना उडालेला गवताचा तुकडा, तो उचलून परत जागेवर बसवायचा नाहीतर बाटलीतली वाळू टाकायची, त्याला हे लागत नाही. हे टूल ग्रीनवरच्या पिच मार्कसाठी, म्हणजे बॉल उंचावरून पडला की जो खड्डा पडतो त्यासाठी. पुण्यात पावसाळ्यात ग्रीन इतके मऊ होतात की नऊ नंबरच्या आयर्नने मारलेला बॉल अर्धा आत रुततो.

आधी माझ्याकडे कुठल्यातरी टूर्नामेंटमध्ये फुकट मिळालेलं प्लास्टिकचं होतं, ते पहिल्याच उन्हाळ्यात कडक ग्रीनमध्ये मोडलं. हे स्टीलचं आहे, अजून काटे वाकले नाहीत की गंज नाही, आणि पावसात ओल्या हातातून सटकत नाही. वर मॅग्नेटने चिकटलेला मार्कर आहे, दुसऱ्याच्या पटच्या (होलमध्ये बॉल घालायच्या हलक्या फटक्याच्या) लाइनवर आपला बॉल येत असेल तर पटकन मार्कर ठेवून बॉल उचलता येतो, समोरच्याला ताटकळत ठेवावं लागत नाही. मॅग्नेट मात्र अजून थोडं घट्ट हवं होतं, दोनदा मार्कर रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात पडला, एकदा सापडलाच नाही.

आता मुख्य गोष्ट, वापरायचं कसं, कारण बॉक्सवर एक अक्षर लिहिलेलं नाही. मी सुरुवातीला काटा खाली घालून माती वर उचकटायची, खड्डा भरल्यासारखा दिसायचा आणि मला वाटायचं छान झालं. एके दिवशी आमचे कॅडी काका (कॅडी म्हणजे बॅग उचलून सोबत चालणारा मदतनीस), वीसेक वर्षं ह्याच कोर्सवर आहेत, हळूच म्हणाले, "मॅडम, वर नका उचलू, मुळं तुटतात. कडेचं गवत आत ढकला." मग गुडघ्यावर बसून दाखवलं त्यांनी. काटा खड्ड्याच्या कडेला बाहेरून खुपसायचा, मूठ मधल्या बाजूला झुकवायची, असं चारी बाजूंनी करायचं आणि शेवटी पटरच्या तळाने हलकं थोपटायचं, दहा सेकंदांचं काम. मी आधी उचकटलेली जागा त्यांनी पुढच्या आठवड्यात दाखवली, रुपयाएवढा तपकिरी डाग पडला होता, मला खूप वाईट वाटलं. खड्डा नुसता तसाच सोडला तरी वर आलेली कड गवत कापायच्या मशीनखाली सोलवटून निघते आणि मागून येणाऱ्याचा पट तिथे उडतो. तेव्हापासून माझा एक आणि कुणीतरी सोडून दिलेला एक, असे दोन तरी बुजवल्याशिवाय मी पट करत नाही. 2019 पासून नियमही सोपा झालाय, आधी पट करायच्या आधी बुटाच्या स्पाइक्सचे ओरखडे नीट करायला परवानगी नव्हती, आता तेही करता येतात, त्यामुळे "नियमात बसत नाही" हे कारण उरलेलंच नाही.

मागच्या महिन्यात आमच्या पुढे चौघांचा ग्रुप होता, स्पीकरवर गाणी, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) आले तर वाळू सारखी करायचा रेक तसाच लोळत, ग्रीनवर चार ताजे खड्डे, आणि वर कॅडीला "ए, इकडे ये". त्यातल्या प्रत्येकाकडे लाखाच्या वरचा सेट असेल. काका आणि मी मिळून ते चारही खड्डे बुजवले, पण खरा राग मला त्या "ए" चा आला. जो माणूस तुमचा बॉल शोधतो, लाइन सांगतो, तुमच्या पायाचे ठसे पुसतो, त्याला दादा नाहीतर काका म्हणायला काय जातं?

अजून एक तक्रार, खिशात टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) आणि सुट्या पैशांबरोबर ठेवलं तर खणखण वाजतं, आणि कुणी पट करायला उभं असताना तो आवाज फार वाईट, म्हणून मी ते वेगळ्या खिशात एकटंच ठेवते. बेल्टला लावायचा क्लिपही ढिला आहे, त्याच्या भरवशावर राहू नका.

पाचपैकी साडेचार. मी अजून तीन मागवलेत, एक काकांना दिलं (त्यांचं जुनं पार झिजलं होतं), एक भाचीला, ती पुढच्या महिन्यात कोचिंग सुरू करतेय, आणि एक बॅगेत स्पेअर, कुणी विसरून आलं तर द्यायला.